जागा ऐकू येणारे अल्बम : हार्ड रॉक आणि ब्लूज रॉक

रात्रपाळी

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज साप्ताहिक सुट्टी आहे आणि बाहेर पाऊस आहे म्हणून शेवटी बसलो टायपायला. लांबलंय, सांभाळून घ्या.

आपल्याकडे मैफलीत कोणीतरी मान डोलावत म्हणतं ना, काय जागा घेतली बुवांनी! तिथे जागा म्हणजे सुरातली जागा. मला मात्र गेले काही महिने साधी, राहायची-बसायची जागा ऐकू यायला लागलीय. म्हणजे खोली, जिना, हॉल, कॉरिडॉर. माझं म्हणणं असं की सत्तरच्या आसपासचे जे हार्ड रॉक आणि ब्लूज रॉकचे अल्बम आपल्याला अजून अंगावर येतात त्यांच्यात गिटार आणि गळा जितका आहे तितकीच ती जागा पण आहे, आणि ती जागा आपण लक्ष देऊन ऐकत नाही.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं तर वडिलांमुळे. वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. घरी पत्र्याखाली हात साफ करायला बसले की तो पखवाज एकदम कोरडा लागायचा, थाप पडली की तिथेच संपायची. आणि एकादशीला तोच पखवाज देवळाच्या दगडी सभामंडपात निघाला की डाव्या अंगाची थाप आधी जमिनीतून तळपायाला कळायची आणि मग कानाला. कणीक तीच, हात तेच, ठेका तोच. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन, मला वाटायचं देवळात बाबा जास्त जोर लावतात. एकदा विचारलं तर म्हणाले, मी नाही रे, दगड वाजवतो.

आता लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमकडे या, १९७१चा, ज्याच्या कव्हरवर नावच नाही. शेवटचं गाणं, व्हेन द लेव्ही ब्रेक्स, लेव्ही म्हणजे नदीचा बांध. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर भागात हेडली ग्रेंज नावाचा जुना मोठा वाडा आहे, कधीकाळी गोरगरिबांना ठेवायची जागा होती ती, तिथे जाऊन राहिले होते हे लोक. जॉन बॉनमचा ड्रम सेट त्यांनी खालच्या हॉलमध्ये मांडला, वरपर्यंत जिना मोकळा, आणि अँडी जॉन्स या इंजिनियरने ड्रमजवळ माईक न लावता दोन माईक वर जिन्यात टांगले. बस. म्हणजे आपण ड्रम ऐकतच नाही तिथे, आपण ड्रम वाजल्यावर तो जिना काय म्हणाला ते ऐकतो. मग टेप थोडी हळू करून त्याला अजून जडपणा आणलाय. हेडफोन लावून पहिली काही सेकंद ऐका, फक्त ड्रम आहे, काही गाणं सुरू झालेलं नाही, आणि तरी तुम्हाला कळतं की छत उंच आहे. मला प्रत्येक वेळी तो सभामंडप आठवतो, खरंच सांगतो.

दुसरा माझा सगळ्यात लाडका, डीप पर्पलचा मशीन हेड. याची कहाणी बऱ्याच जणांना माहितीय पण अर्धीच माहिती असते. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रू गाव, जिनिव्हा सरोवराच्या काठी. तिथल्या कसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलेलं, पण आदल्या कार्यक्रमात, फ्रँक झॅपाचा होता तो, ४ डिसेंबरला, प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कसिनो जळाला. धूर सरोवरावर पसरला, हे सगळं स्मोक ऑन द वॉटर या गाण्यातच आहे. पुढचं ऐका. मग त्यांना पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर मिळालं, तिथे रात्री वाजवायला बसले तर आजूबाजूच्या लोकांनी पोलीस बोलावले, आणि पोलीस दार ठोठावत असताना बँडची पोरं आतून दार दाबून उभी होती, टेक पूर्ण होईपर्यंत! तो टेक म्हणजेच स्मोक ऑन द वॉटरचा पाया. अख्ख्या अल्बममधलं हे एकच गाणं तिथलं आहे.

बाकी सगळं ग्रँड हॉटेलमध्ये. हिवाळ्यात बंद पडलेलं हॉटेल, आत थंडी मरणाची, कॉरिडॉरमध्ये सामान मांडलेलं, आवाज फार घुमू नये म्हणून गाद्या उभ्या केलेल्या. रेकॉर्डिंगचं यंत्र बाहेर ट्रकमध्ये, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ होता तो. आता वाजवलेलं परत ऐकायचं तर खोल्यांमधून, बाल्कनीतून फिरून फिरून त्या ट्रकपर्यंत जायचं, तेही गारठ्यात. दोन-चार वेळा गेले आणि मग जाणंच सोडलं. एकमेकांकडे बघून ठरवायचं जमलं की नाही. मला वाटतं मशीन हेडचा जो घट्टपणा आहे ना तो यातून आलाय, कारण तपासायला यंत्र नाही म्हटल्यावर माणूस शेजाऱ्याला ऐकतो. हायवे स्टार गाण्यात ड्रमवर इयन पेस आणि बासवर रॉजर ग्लोव्हर कसे एका श्वासात पळतात बघा. आणि लेझी! जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, तो गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, त्यामुळे तो सुरुवातीला गुरगुरतो, मग हळूच ब्लूजच्या चालीवर येतो, मग गिटारवाला रिची ब्लॅकमोर येतो, आणि इयन गिलन गायला तोंड उघडतो तोपर्यंत चार मिनिटं होऊन गेलेली असतात. कोणाला घाई नाही.

हाच ट्रक त्याच वर्षाच्या सुरुवातीला हेडली ग्रेंजच्या बाहेर पण उभा होता. म्हणजे झेपलिनचा जिना आणि पर्पलचा कॉरिडॉर दोन्ही एकाच ट्रकने टिपलेत. हे कळलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो, पहाटेचे साडेसहा, सगळे झोपलेले, आणि मला कोणालातरी उठवून सांगावंसं वाटत होतं.

तिसरा, ब्लॅक सबाथचा पहिला. १३ फेब्रुवारी १९७०ला आला, रेकॉर्डिंग एका दिवसात उरकलेलं. याच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण मी स्वतः प्रेस शॉपमध्ये काम करतो. टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, प्रेसमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा वाजवणारा तो, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या बनवल्या, त्यावर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या, पुढे तर तारा सैल करून अख्खी गिटारच खालच्या पट्टीत नेली. आज जगभर जे हेवी मेटल वाजतं त्याचा जो खालचा, जड आवाज आहे तो त्या जखमेतून आलाय.

आमच्या लाइनवर काही वर्षांपूर्वी एका पोराची दोन बोटं गेली. उत्पादन थांबू नये म्हणून सेन्सर बंद ठेवलेला होता. मी त्याच्या शेजारच्या मशीनवर होतो. प्रेसचा स्ट्रोक पडतो ना तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच, छातीत बसतो, आणि त्या दिवशी एक स्ट्रोक वेगळा पडला, मऊ पडला, आम्हाला सगळ्यांना तो कळला. ते पोरगं आता स्टोअरला असतं. त्यानंतर पहिल्यांदा सबाथचं पहिलं गाणं ऐकलं, तीन सुरांचं ते, पावसाच्या आणि घंटेच्या आवाजानंतर येतं, तेव्हा मला ते भुताखेताचं गाणं वाटलंच नाही. मला ते कारखान्याचं गाणं वाटलं.

तर तुमचे असे अल्बम कोणते, जिथे जागा ऐकू येते? नुसती नावं नकोत, काय ऐकू येतं ते लिहा.

पाचवी_तार

कडक धागा! वाचनखूण साठवली आहे.

माझ्याकडून जॉन मेयॉलचा १९६६चा ब्लूजब्रेकर्स, ज्याला सगळे बीनो अल्बम म्हणतात, कारण कव्हरवर गिटारवाला एरिक क्लॅप्टन बीनो हे पोरांचं कॉमिक वाचत बसलाय. तेव्हा तो २१ वर्षांचा. आधी स्टुडिओत गिटारचा अँप हळू ठेवायचे आणि माईक अगदी जवळ. क्लॅप्टन म्हणाला मी स्टेजवर जेवढ्या आवाजात वाजवतो तेवढ्यातच वाजवणार, माईक लांब न्या. इंजिनियर हैराण. पण त्यामुळे काय झालं की लेस पॉल गिटार, मार्शल अँप आणि मधली हवा असं तिन्ही मिळून रेकॉर्ड झालं. ऑल युवर लव्हचा पहिला सूर ऐका, गोल, भरलेला, कडेला जरासा फाटलेला. त्या आधीच्या रेकॉर्डमध्ये गिटार अशी वाजतच नव्हती हो. गिटारवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या एका आवाजाच्या मागे लागल्या. आणि ती गिटार नंतर लवकरच चोरीला गेली ती गेलीच.

ठेका

रात्रपाळी दादा, पखवाजाचं वाचून प्रतिसाद दिल्याशिवाय राहवलं नाही, मी तबला वाजवतो.

ऑलमन ब्रदर्स, अ‍ॅट फिलमोर ईस्ट. न्यूयॉर्कचं थिएटर, मार्च १९७१, लाइव्ह. मला रॉकमधलं काही कळत नव्हतं, हॉस्टेलला रूममेटने व्हिपिंग पोस्ट लावलं आणि मी सवयीने बोटांवर मात्रा मोजायला लागलो तर सम सापडेना. परत लावायला सांगितलं. बेरी ओकलीचा बास सुरू होतो एकटाच, आणि मोजलं तर ११ मात्रा! ३-३-३-२ असे खंड. आपल्याकडे रुद्र ताल ११चा, पण तो ऐकायला मिळतो कितीसा. आणि इथे टी-शर्ट घातलेली अमेरिकन पोरं ११ मात्रा वाजवतायत, वरून सोप्या वाटतायत. गाणं ज्याने लिहिलं त्या ग्रेग ऑलमनला म्हणे माहीतच नव्हतं की हे ११चं आहे, त्याला ते तीन-तीनचं आणि परत उडी मारायला शेवटी दोन असं सुचलेलं, मोठ्या भावाने सांगितल्यावर कळलं.

ते एकच गाणं जवळजवळ २३ मिनिटांचं आहे, एलपीची अख्खी एक बाजू. दोन ड्रमर, दोन गिटार. मधे एक वेळ अशी येते की सगळं विरत विरत जवळजवळ शांत होतं, आणि तिथे तुम्हाला थिएटर ऐकू येतं, माणसं श्वास धरून बसलीयत ते कळतं. आपल्याकडे द्रुत संपवून कलाकार परत एकदा षड्जावर येऊन थांबतो तेव्हा होतं तसं. मोठा भाऊ ड्वेन ऑलमन स्लाइड, म्हणजे तारांवरून काच सरकवत, वाजवायचा ती औषधाच्या काचेच्या बाटलीने, सर्दीच्या गोळ्यांची बाटली. जुलैमध्ये अल्बम आला आणि ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. २४ वर्षांचा होता. मी हे रेकॉर्डिंग ऐकताना वय विसरूच शकत नाही.

जुनी_कॅसेट

+१ सगळ्यांना. मी जरा वयाने मोठा आहे, माझं शिक्षण ब्लँक कॅसेटवर. साठ मिनिटांची कॅसेट, त्यात एका बाजूला ३० मिनिटं, त्यामुळे डीप पर्पलच्या मेड इन जपान या लाइव्ह अल्बममधलं चाइल्ड इन टाइम कितीतरी वर्षं मला शेवट नसलेलंच माहीत होतं, गिलन वर वर चढत जायचा आणि खट्, बाजू संपली. पूर्ण ऐकलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. रात्री एकटाच खोलीत, आणि शेवट आल्यावर बराच वेळ उठलो नाही.

आता चाइल्ड इन टाइमचा विषय निघालाच आहे तर, हे मूळ १९७०च्या इन रॉक अल्बमवरचं, आणि ती ऑर्गनची सुरुवातीची धून आहे ना ती त्यांनी इट्स अ ब्यूटिफुल डे नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडकडून घेतलेली, त्यांच्या १९६९च्या तुकड्याचं नाव बॉम्बे कॉलिंग! तिथे ती व्हायोलिनवर आहे आणि पळती आहे, जॉन लॉर्डने ती संथ केली. १९९५ साली डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले तेव्हा ब्लॅकमोर नव्हता, गिटारवर स्टीव्ह मोर्स होता.

झेपलिनचं पण मुंबईशी नातं आहे. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स ही आपली गाणी स्टुडिओत रेकॉर्ड केली, आणि ती टेप ४३ वर्षं तशीच पडून राहिली, २०१५ला त्यांच्या कोडा अल्बमच्या नव्या आवृत्तीबरोबर अधिकृतपणे बाहेर आली. त्याच भेटीत कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात दोघांनी वाजवलं पण. फोर स्टिक्स ऐकताना मला वाद्यवृंदापेक्षा ती खोली आवडते. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांचे वादक एका खोलीत बसून वाजवायचे तेव्हा जसं लागायचं तसंच लागतं ते.

आणि आयरिश गिटारवाला रोरी गॅलाघर, त्याचा लाइव्ह अल्बम आयरिश टूर. जानेवारी १९७४, बेलफास्टमध्ये बाँबस्फोट चालू होते, बाहेरचे बँड तिकडे फिरकत नव्हते, हा मात्र जात राहिला. बेलफास्ट, डब्लिन आणि त्याचं स्वतःचं कॉर्क, तिन्हीकडे वाजवलं. रंगाचे पोपडे उडालेली ती त्याची एकच स्ट्रॅटोकास्टर गिटार. लोक कसे ओरडतात ऐका. बाहेर काय चाललंय ते माहीत असलेली आणि तरी आलेली माणसं आहेत ती.

नवशिकी

नमस्कार, मी चार महिन्यांपासून गिटार शिकतेय, ऑनलाइनच. सगळ्यांप्रमाणे पहिलं स्मोक ऑन द वॉटर शिकले. सूर बरोबर येतात पण रेकॉर्डसारखं वाजतच नाही. कोणी सांगेल का काय चुकतंय? हॉटेलचा कॉरिडॉर माझ्याकडे नाही हे मान्य :)

रात्रपाळी

@नवशिकी ताई, मी वाजवत नाही पण हे मला पक्कं माहितीय. तुम्ही बहुतेक पॉवर कॉर्ड धरताय, म्हणजे सा आणि प. ब्लॅकमोर तसं वाजवत नाही, तो चौथ्या सुराचं नातं धरतो, षड्ज-मध्यम. तिसरी आणि चौथी तार मोकळी, तिथून सुरुवात. आणि प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची पट्टी, नाही, दोन्ही तारा दोन बोटांनी एकदम चिमटीत धरून सोडायच्या, म्हणजे दोन सूर एकाच क्षणी सुटतात. प्लेक्ट्रमने एक आधी एक नंतर होतो, तिथेच फरक पडतो.

आणि वरच्या तारेची सरगम लिहून बघा. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. दोन्ही मध्यम लागून आलेत, तीव्र आणि लगेच शुद्ध. ललतमध्ये येतात तसे, अर्थात राग तो नव्हे. पण तो तीव्र मध्यम काढून टाका आणि वाजवून बघा, सगळा धूर विरून जातो.

@ठेका ११ मात्रांचं वाचून काल रात्री ब्रेकमध्ये मोजत बसलो, तीनदा चुकलो, चौथ्यांदा सम सापडली आणि आनंद झाला हो.

@जुनी_कॅसेट काका, फोर स्टिक्सचं मुंबईतलं रेकॉर्डिंग मी ऐकलेलंच नव्हतं, तुमचे उपकार.

मिशिगन_अव्हेन्यू

छान धागा, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाटतं. लेव्ही ब्रेक्सचा जिना सांगितलात, मूळ गाणं कोणाचं ते राहिलं. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय, १९२९. त्याच्या दोन वर्षं आधी, १९२७ला, मिसिसिपीला महापूर आला, बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले, आणि बांधावर मातीच्या गोण्या टाकायला कृष्णवर्णीय मजुरांना जबरदस्तीने जुंपलं होतं. ते गाणं त्याचं आहे. तिथे दोन गिटार आणि एक गळा, बाकी काही नाही. झेपलिनने निदान त्या गाण्यावर मिनीचं नाव दिलं. त्यांच्याच होल लोटा लव्हला ब्लूजची गाणी लिहिणाऱ्या विली डिक्सनचं नाव नव्हतं, त्याला १९८५ला दावा लावावा लागला तेव्हा कोर्टाबाहेर मिटलं.

मी शिकागोत राहतो. २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू, चेस रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीची जुनी इमारत, ब्लूज गायक मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, चक बेरी, सगळे तिथे रेकॉर्ड झाले. आता तिथे डिक्सनच्या नावाने त्याच्या कुटुंबाची संस्था आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं होतं मोठा स्टुडिओ असेल, तर अरुंद दुमजली इमारत, खालून जाताना लक्षातही येणार नाही अशी. वर स्टुडिओच्या खोलीत उभा राहिलो, टाळी वाजवली. बसका, जवळचा आवाज आला. जगातलं निम्मं रॉक या एवढ्याशा खोलीतून निघालंय.

म्हणून माझा अल्बम मडी वॉटर्सचाच, हार्ड अगेन, १९७७. टेक्ससच्या जॉनी विंटर या गोऱ्या रॉक गिटारवाल्याने तो प्रोड्यूस केला, मडीचा भक्त होता तो. साठीतल्या मडीला त्याने एका खोलीत सगळ्या बँडबरोबर उभं केलं आणि तीन दिवसांत काम उरकलं. मॅनिश बॉय लावा, पहिलंच आहे. मडी एक ओळ म्हणतो आणि खोलीतले बाकीचे ओरडतात, त्यात जॉनी विंटरचा आवाज सगळ्यात वर, लहान पोरासारखा. उधारी फेडायची तर अशी फेडावी.

रात्रपाळी

@मिशिगन_अव्हेन्यू, तुमचं खरं आहे आणि ते मूळ धाग्यात यायला हवं होतं. मी बांधाच्या गाण्यात फक्त जिना ऐकत होतो आणि पूर सोडून दिला. तुमचा प्रतिसाद वाचून मेम्फिस मिनीचं ऐकलं. ते ऐकायला गंमत म्हणजे हलकंफुलकं वाटतं, गिटारी कशा चटचट चालतात, आणि शब्द घर सोडून जायचे. मला वाटतं ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांनी ते चालत चालत गायलं आणि ज्यांनी पूर पाहिला नाही त्यांना तो जिन्यात उभा करावा लागला. दोन्ही लागोपाठ ऐका सगळ्यांनी, आधी मिनी.

फिरता_पंखा

मी जरा वेगळं मत मांडतो. रात्रपाळी म्हणतात खरी जागा ऐकू येते तोच अल्बम जिवंत, पण जिमी हेंड्रिक्सच्या इलेक्ट्रिक लेडीलँडचं काय? १९६८चा. त्याने स्टुडिओलाच वाद्य केलं, आवाज डाव्या कानातून उजव्या कानात पळतो, टेप उलटी फिरते, समुद्राखाली गेल्यासारखं अख्खं गाणं आहे त्यात. ती जागा कुठेच नाही, त्याच्या डोक्यात होती. आणि तरी मला ती दिसते. मग हे कुठे बसवणार?

रात्रपाळी

@फिरता_पंखा वाह, तुम्ही मला दोन दिवस झोपू दिलं नाहीत. तुमचं बरोबर आहे, डोक्यातली जागा पण जागाच. मी मागे घेतो, खरी जागा असलीच पाहिजे असं नाही.

पण त्याच अल्बममध्ये बघा, व्हूडू चाइल, १५ मिनिटांचं मोठं वालं. त्या रात्री क्लबात वाजवून झाल्यावर हा मित्रमंडळींना घेऊन थेट स्टुडिओत आला, ऑर्गनवर स्टीव्ह विनवुड, बासवर जॅक कॅसिडी, आणि बाकीची माणसं नुसती बसलेली. तो मडी वॉटर्सकडूनच सुरू करतो, संथ, जुन्या पद्धतीने, गळा आणि गिटार एकच ओळ म्हणतात, आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे जातो तसं. पाण्याखालचं गाणं रचणाऱ्या माणसाला पण मधे एकदा खोलीत माणसं बसलेली लागली. मला या अल्बममधलं हे सगळ्यात आवडतं की दोन्ही जागा एकाच रेकॉर्डवर आहेत.

ब्रमी_पुणेकर

बर्मिंगहॅमवरून. सबाथबद्दल लिहिलंत ते वाचून राहवलं नाही. इथे ब्रॉड स्ट्रीटवर कालव्यावरच्या पुलाला ब्लॅक सबाथ ब्रिज नाव दिलंय, तिथे चौघांचे चेहरे असलेला बाक आहे. जुलै २०२५मध्ये सबाथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला तेव्हा मी ऑफिसवरून येताना रोज तिथून चाललो. ५ तारखेला इथेच व्हिला पार्क स्टेडियमवर चौघांचा शेवटचा कार्यक्रम झालेला, तो खुर्चीत बसून गायला, आणि २२ला गेला. बाक फुलांनी दिसेनासा झालेला. सूटबुटातले, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले, आणि बरेच साठी-सत्तरीचे लोक ज्यांचे हात बघून कळत होतं की कारखान्यात काम केलेले हात आहेत. एक आजोबा बाकाच्या कडेला उभे होते, काही बोलत नव्हते, फक्त टोपी हातात धरलेली. कारखाने आता बहुतेक गेले इथले. रात्रपाळी, तुम्ही कारखान्याचं गाणं म्हणालात ते इथल्या लोकांना सांगायची गरज नाही.

पाचवी_तार

वरचा प्रतिसाद वाचून गप्प झालो.

ठेका

@रात्रपाळी दादा, ते तुमच्या शेजारच्या मशीनवरचं पोरगं, ते काही वाजवतं का हो? सहज विचारलं.

रात्रपाळी

@ठेका, नाही वाजवत. पण आयोमीची गोष्ट मी त्याला सांगितली होती, जेवणाच्या सुट्टीत. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला टोप्या कशाच्या केल्या होत्या, परत सांग. मी सांगितलं. आता तो माझ्याकडून गाणी मागून घेतो. सबाथचा पॅरानॉइड अल्बम त्याच्या फोनवर आहे.

नवशिकी

दोन गोष्टी सांगायला आले. पहिली, दोन बोटांनी चिमटीत धरून वाजवलं आणि वाजलं! अगदी तसं नाही, पण माझा मलाच काटा आला.

दुसरी, काल रात्री साडेनऊला लाइट गेली होती म्हणून लिफ्ट बंद, जिना मोकळा, सगळीकडे शांत. माझा भाऊ शाळेच्या ढोल पथकात आहे. त्याला ढोल घेऊन तळमजल्यावर उभं केलं आणि मी तिसऱ्या मजल्यावर कठड्यावर फोन ठेवला रेकॉर्डिंग लावून. त्याला सांगितलं सावकाश एक एक टोला मार. पहिला टोला पडला आणि खरंच सांगते, आवाज खालून आलाच नाही, तो चहूकडून आला. दुसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडून टॉर्च घेऊन बाहेर आले, मला वाटलं आता बोलणी बसणार. मी घाईघाईने सांगितलं की रेकॉर्डिंग करतोय, पाचच मिनिटं. ते पायरीवर बसले आणि टॉर्च बंद केला. खालून भाऊ विचारतोय ताई थांबू का, आणि काका वरूनच म्हणाले, थांबू नकोस रे, परत मार.

रेकॉर्डिंग इथे चढवता येत नाहीये, कोणाला माहितीय का कसं करायचं?